एवढंसं मँडोलिन अख्ख्या वाद्यवृंदापुढे ऐकू येतं तरी कसं?

मँडोलिन म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना हिंदी सिनेमातली गाणी आठवतात. अंतऱ्याआधीचा तो किणकिणता तुकडा, कधी सरसोंच्या शेतातला, कधी शिकाऱ्यातला. त्यामुळे यूट्यूबवर किंवा रीलमध्ये विवाल्दीचा मँडोलिन कॉन्चेर्तो कानावर पडला की पहिला प्रश्न पडतो, हे वाद्य इथे काय करतंय? मागे व्हायोलिनांची रांग, चेलो, डबल बास, हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) आणि पुढे हातभर लांबीचं वाद्य घेऊन बसलेला एक माणूस. गिटारएवढाही आवाज नसलेलं हे वाद्य त्या सगळ्यांसमोर मुख्य कलाकार कसं होऊ शकतं?

प्रश्न अगदी रास्त आहे. तो अठराव्या शतकातल्या संगीतकारांनाही पडला असणार, कारण त्यांनी त्याची उत्तरं कागदावर लिहून ठेवली आहेत. उत्तराचा बराचसा भाग मँडोलिनच्या स्वरलिपीत नाही, बाकीच्या वाद्यांच्या स्वरलिपीत आहे. ती कधी वाजतात, कशी वाजतात आणि मुख्य म्हणजे कधी वाजत नाहीत, हे पाहिलं की कोडं सुटतं.

आधी थोडी ओळख

युरोपीय संगीतात साधारण 1600 ते 1750 या काळाला बरोक म्हणतात. बाख, हेंडेल आणि विवाल्दी ही या काळातली आपल्याला माहीत असलेली नावं. या काळातला वाद्यवृंद म्हणजे आज टीव्हीवर दिसणारा ऐंशी-शंभर वादकांचा ताफा नव्हे. मुख्यतः गजाने वाजवायची तंतुवाद्यं (व्हायोलिन, व्हायोला, चेलो) आणि त्यांच्या बुडाशी सतत चालणारी खर्जाची साथ, एवढाच त्याचा गाभा. ही साथ सहसा एक चेलो आणि एक हार्प्सिकॉर्ड किंवा ऑर्गन मिळून करत. तिला कंटिन्यूओ म्हणतात. आज जुन्या पद्धतीने वाजवणारे कितीतरी गट विवाल्दीचे कॉन्चेर्तो एका स्वरभागाला एकच वादक घेऊन, म्हणजे पाच-सहा माणसांत वाजवतात आणि ते मुळीच उघडं पडत नाही.

म्हणजे ‘एवढंसं मँडोलिन आणि अख्खा वाद्यवृंद’ या आपल्या चित्रातला अर्धा वाद्यवृंद आपण आजच्या काळातून तिकडे नेलेला असतो. तो वजा केला तरी अडचण उरतेच. दहा व्हायोलिनं काय आणि दोन काय, गजाने जोरात वाजली की मँडोलिन झाकलं जाणार.

कॉन्चेर्तोची चाल भजनासारखी

कॉन्चेर्तो म्हणजे एक किंवा काही मुख्य वाद्यं आणि बाकीचा वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली रचना. विवाल्दीच्या हातात तिला एक पक्का साचा मिळाला: जलद, संथ, जलद असे तीन भाग आणि जलद भागांत पुन्हापुन्हा परतणारं सामूहिक पालुपद.

गावातलं भजन आठवा. सगळे टाळकरी मिळून धृपद घेतात, पखवाज दणाणतो. मग बुवा चरण म्हणू लागले की टाळ हळू होतात, पखवाजाचा हात हलका होतो, पेटी मागे सरते. चरण संपला की पुन्हा सगळे धृपदावर तुटून पडतात. बुवांचा आवाज लहान असला तरी चालतो, कारण त्यांच्याशी कोणी स्पर्धाच करत नसतं. विवाल्दीच्या कॉन्चेर्तोत हेच होतं. पालुपद सगळ्यांचं, मधले चरण एकट्याचे. मुख्य वाद्याला वाद्यवृंदापेक्षा मोठा आवाज काढावा लागत नाही, कारण दोघांची जोराची वेळ वेगवेगळी असते. आपल्या मनात ‘सोलो’ म्हणजे सगळ्यांच्या वर चढलेला आवाज असतो. तो पुढच्या शतकातल्या पियानो आणि व्हायोलिनच्या प्रचंड कॉन्चेर्तोंनी घालून दिलेला समज आहे.

साचा हाताशी होता, तरी मँडोलिनसाठी तो जसाच्या तसा पुरत नव्हता. का, ते कळायला तारेकडे यावं लागतं.

छेडलेला स्वर टिकत नाही

व्हायोलिनवादक गज ओढत असतो तोवर तारेला ताकद मिळत राहते. स्वर हवा तितका लांबवता येतो, मध्येच फुगवता येतो, बारीक करता येतो. मँडोलिनच्या तारेला ताकद मिळते ती छेडण्याच्या एका क्षणात. त्यानंतर स्वर फक्त उतरत जातो. सुरुवातीचा ‘टण्’ सगळ्यात मोठा, पुढे नुसती ओसरण. वाद्याचं पोटही लहान, त्यामुळे हवेला हलवायची ताकद मुळातच कमी.

त्यात आणखी एक पेच आहे. मँडोलिनचे स्वर व्हायोलिनच्याच उंचीवर पडतात. चेलोसमोर बासरी सहज ऐकू येते, कारण दोघांच्या जागा वेगळ्या. मँडोलिन आणि व्हायोलिन एकाच जागेवर हक्क सांगतात आणि तिथे गजवाल्याची सरशी होते.

यावर वाद्यातच एक तोड आहे. मँडोलिनच्या तारा जोडीजोडीने असतात. प्रत्येक जोडीतल्या दोन तारा एकाच स्वरात लावलेल्या, पण माणसाच्या हाताने लावलेल्या. त्यामुळे त्यांच्यात केसाएवढा फरक राहतोच आणि त्यातून ती चमचम येते. आवाज फार वाढत नाही, पण कान तिकडे वळतो. दुसरी तोड लिहिणाऱ्याच्या हातात असते: लांब स्वर द्यायचेच नाहीत. विवाल्दीचं मँडोलिन सतत धावत असतं. जलद सुरावटी, तुटक तुटक केलेले स्वरगुच्छ, एकाच स्वराचे चटचट पडणारे ठोके. ऐकणाऱ्याला ती हाताची करामत वाटते. करामत आहेच, पण मुळात ती गरज आहे. एक स्वर विझण्याआधी दुसरा आला नाही तर मध्ये खड्डा पडतो.

आणि ते मँडोलिन आपलं मँडोलिन नव्हतं

इथे बहुतेक लोक गोंधळतात, म्हणून जरा थांबू.

आज दुकानात मिळणारं मँडोलिन म्हणजे पोलादी तारांच्या चार जोड्या, प्लास्टिकची नखी आणि व्हायोलिनसारखं लावणं: खालून वर सा-प, सा-प असं पंचमाच्या अंतराने. या जातीचं मूळ नेपल्स शहरात आहे. विनाच्चिया नावाच्या वाद्यकारागीर घराण्याने ती नावारूपाला आणली. तिथल्या गाएतानो विनाच्चियाचं 1744 सालचं मँडोलिन हे आज शिल्लक असलेल्या सगळ्यात जुन्या नेपल्स जातीच्या वाद्यांपैकी एक. या जातीत धातूच्या तारा होत्या, त्या वाद्याच्या शेपटीकडे अडकवलेल्या आणि मध्ये सुटी घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी). तारांचा ताण पेलायला वरच्या लाकडी तबलीला घोडीपाशी हलकासा बाक दिलेला. पिसाच्या नखीने वाजवायचं. सगळ्या तारा पोलादी झाल्या त्या एकोणिसाव्या शतकात.

आता तारखा जुळवून पाहा. विवाल्दीने मँडोलिन वापरलं ते 1716 ते 1740 या काळात, आणि तो वारला 1741 मध्ये. म्हणजे नेपल्सचं हे नवं वाद्य त्याच्या हयातीत व्हेनिसमध्ये सर्वत्र झालेलं असणं कठीण. अभ्यासकांचा कौल म्हणूनच जुन्या, उत्तर इटलीतल्या मँडोलिनकडे आहे. त्याला मांदोलिनो म्हणत. ते वेगळंच प्रकरण. पाच किंवा सहा जोड्या, तारा आतड्याच्या म्हणजे तातीच्या. घोडी तबलीला चिकटवलेली, गिटारीसारखी. लावणी मुख्यतः मध्यमाच्या अंतराने, सहा जोड्या असतील तर तळाशी एक गंधाराचं अंतर. आणि वाजवायचं बोटांनी. दिसायला ते ल्यूट या जुन्या युरोपीय तंतुवाद्याचं पोर वाटतं: पातळ लाकडी पट्ट्या जोडून केलेलं गोल पोट, वर तबलीत कोरलेली जाळीदार नक्षी. व्हायोलिनसाठी जगभर नाव झालेल्या स्त्रादिवारीनेही अशी वाद्यं घडवली. त्याचं 1680 सालचं एक अमेरिकेत साउथ डकोटामधल्या वर्मिलियन गावच्या संगीत संग्रहालयात आहे.

तातीच्या तारा, बोटांनी छेडलेल्या. म्हणजे आज ऐकतो त्याहूनही मऊ आणि लहान आवाज. आपला सुरुवातीचा प्रश्न सुटायच्या ऐवजी बिकट झाला, असं वाटेल. मला उलट वाटतं. वाद्य इतकं मऊ होतं म्हणूनच लिहिणाऱ्याला त्याच्यासाठी जागा खरोखर रिकामी करावी लागली. पोलादी तारांचं मँडोलिन असतं तर विवाल्दीने कदाचित एवढी काळजी घेतलीही नसती.

विवाल्दीने जागा कशी केली

आंतोनिओ विवाल्दी 1703 पासून व्हेनिसच्या पिएता या संस्थेत व्हायोलिन शिकवत असे. टाकून दिलेल्या मुलींचा सांभाळ करणारी ही संस्था. तिथल्या निवडक मुलींना गाणं-वाजवणं इतकं पक्कं शिकवलं जाई की त्यांना ऐकायला युरोपभरातून लोक येत. मुली जाळीआड बसून गात-वाजवत. आणि संस्थेकडे वाद्यंही तऱ्हेतऱ्हेची होती. एखाद्या संगीतकाराला प्रयोग करायचे असतील तर याहून चांगली जागा मिळणं अवघड.

1716 मध्ये त्याने तिथे ‘युदिता त्रिउम्फान्स’ ही लॅटिन भाषेतली धार्मिक संगीतकथा सादर केली. व्हेनिसचं तुर्कांशी युद्ध चालू होतं, शत्रूच्या सेनापतीचं डोकं उडवणाऱ्या युदिताची कथा त्याला साजेशी होती. सगळ्या भूमिका, पुरुषांच्यासुद्धा, मुलींनीच गायलेल्या. त्यात युदिताचं एक गाणं आहे, ‘त्रान्सित एतास, वोलान्त आन्नी’. वय सरतं, वर्षं उडून जातात, असा त्याचा अर्थ. या गाण्याला विवाल्दीने मँडोलिन दिलं, आणि व्हायोलिनवाल्यांना सांगितलं: गज बाजूला ठेवा, बोटांनी छेडा.

व्हायोलिनची तार गजाऐवजी बोटाने छेडण्याला पिझिकाटो म्हणतात. हा या सगळ्या कथेतला मुख्य शब्द. पिझिकाटो झालं की व्हायोलिनचा सगळा वरचष्मा एका फटक्यात जातो. त्याचाही स्वर ‘टप्’ होतो आणि विझतो, मँडोलिनसारखाच, उलट अधिक बोथट. मँडोलिनचा स्वर त्याहून टोकदार आणि थोडा अधिक वेळ टिकणारा. आतापर्यंत हरणारं वाद्य त्या क्षणी सगळ्यात लखलखीत होऊन बसतं. शिवाय शब्द आहेत वर्षं उडून जाण्याचे आणि वाजणारा प्रत्येक स्वर उमटताच ओसरणारा. अडचणीलाच त्याने अर्थ दिला. विवाल्दीला एकसुरी म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी हे एक गाणं ऐकवीन.

मग येतात कॉन्चेर्तो. विवाल्दीच्या रचनांना आरव्ही क्रमांक असतात. पीटर रियोम या डॅनिश अभ्यासकाने केलेल्या सूचीतले हे क्रमांक, आणि शोधताना तेच कामाला येतात. आरव्ही 425 हा एका मँडोलिनसाठी, आरव्ही 532 दोन मँडोलिनसाठी.

425 मध्ये चरणांच्या वेळी साथ विरळ होते. सगळे मिळून पालुपद वाजवतात आणि मग बाजूला होतात. शिवाय हस्तलिखितात अशा अर्थाची सूचना आहे की सगळी व्हायोलिनं पिझिकाटोनेही वाजवता येतील. हा तपशील मला फार आवडतो. संगीतकार जागेवर बसून विचार करतोय असं दिसतं. दालन मोठं असेल, वादक अंगाने जोरकस असतील, मँडोलिन वाजवणारा हौशी असेल, तर ही पळवाट ठेवून दे. दोन्ही पद्धतींची ध्वनिमुद्रणं आज मिळतात. गजाने वाजवलेल्यात रंगांचा फरक ठळक. पिझिकाटोत सगळा वाद्यवृंदच एक मोठं मँडोलिन होऊन जातो.

532 मध्ये युक्ती वेगळी. मँडोलिन दोन आहेत, म्हणून त्यांना आपसातच बोलायला लावलंय. एकाने काही म्हणायचं, दुसऱ्याने ते उचलून परत म्हणायचं. संथ भागात हे प्रतिध्वनी फार सुंदर येतात, आणि तिथे लांब स्वराची उणीव आपोआप भरून निघते, कारण एकाचा स्वर ओसरत असताना दुसऱ्याचा उमटतो.

तिसरी रचना, आरव्ही 558, म्हणजे जत्रा आहे. 1740 च्या मार्चमध्ये सॅक्सनीचा युवराज पिएतामध्ये आला, तेव्हा त्याच्यासमोर वाजवलेली. दोन मँडोलिन, दोन थिऑर्बो (लांब मानेची मोठी ल्यूट), दोन बासऱ्या, दोन साल्मोए (क्लॅरिनेटचा पूर्वज), एक चेलो आणि मुद्दाम खरखरत्या आवाजासाठी बदल केलेली दोन व्हायोलिनं. पाहुण्याला संस्थेचं वाद्यभांडार दाखवण्याचा हेतू लपत नाही.

‘दोन-तीन रचना आणि केवढं कौतुक!’

ही हरकत बरोबर आहे. विवाल्दीचे कॉन्चेर्तो पाचशेच्या आसपास. त्यांत दोनशेहून अधिक एकट्या व्हायोलिनचे, बसून नावाच्या खर्जातल्या फुंकवाद्यालाही तीसहून अधिक. मँडोलिनच्या वाट्याला वर सांगितले तेवढेच. बाखने मँडोलिनसाठी कॉन्चेर्तो लिहिला नाही. हेंडेलने 1748 मध्ये लंडनला ‘अलेक्झांडर बालस’ या रचनेत क्लिओपात्राच्या एका गाण्याला मँडोलिन वापरलं. कुणीतरी सोन्याची वीणा छेडतंय असं ते गाणं आहे. म्हणून जोडीला हार्प, बासऱ्या आणि पुन्हा तेच: पिझिकाटो. व्हेनिस आणि लंडन, मध्ये बत्तीस वर्षं, आणि दोघांचा उपाय एकच. यालाच मी पुरावा म्हणतो.

संख्या कमी का, याचं कारण वाद्याच्या समाजातल्या जागेत आहे. मांदोलिनो हे दरबारातल्या आणि घरातल्या हौशी लोकांचं वाद्य होतं. सरदार, सरदारांच्या मुली दिवाणखान्यात वाजवत. फेराराचा मार्क्विस गुइदो बेंतिवोल्यो हा विवाल्दीचा आश्रयदाता. 1736 मधल्या एका पत्रात विवाल्दी त्याला विचारतो, अजून मँडोलिनचा छंद आहे का? 425 त्याच्यासाठीच लिहिला असावा असा काहींचा तर्क त्यावरून आहे. अशा वाद्यासाठी कॉन्चेर्तो लिहायचा तर वाजवणारा आणि ऐकवणारा दोन्ही समोर हवेत. व्हायोलिनवादक बऱ्याच चर्चमध्ये पगारावर असे, मँडोलिनवादक नसे.

शिवाय जे लिहिलं गेलं ते छापलं गेलं नाही. विवाल्दीचे हे कॉन्चेर्तो हस्तलिखितात पडून राहिले. 1926 मध्ये उत्तर इटलीतल्या एका धार्मिक शाळेने जुन्या बाडांचा ढीग विकायला काढला. किंमत ठरवायला तो तूरिनच्या ग्रंथालयाकडे आला. अभ्यासक आल्बेर्तो जेन्तिली याने पाहिलं तर विवाल्दीच्या स्वतःच्या संग्रहातली बाडं! ग्रंथालयाकडे पैसे नव्हते. लहानपणीच वारलेल्या मुलाच्या स्मरणार्थ रोबेर्तो फोआ नावाच्या गृहस्थाने ती विकत घेऊन दिली. त्या संग्रहाचा दुसरा अर्धा भाग शोधून काढल्यावर तो फिलिप्पो जोर्दानोने घेऊन दिला, त्याचंही मूल गेलेलं होतं. विवाल्दीच्या मँडोलिनविषयी आज आपण जे काही बोलतो ते बरंचसं त्या दोन बापांमुळे. ही गोष्ट विषयाला सोडून आहे खरी, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नेपल्सच्या नव्या मँडोलिनचा जमाना पुढे 1750 नंतर आला. चेचेरे, जुलियानो, बार्बेल्ला, जेर्वाझिओ अशा स्थानिक संगीतकारांनी त्याच्यासाठी पुष्कळ लिहिलं. त्यातलं बरंच आज स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, कारण 1762 च्या सुमारास एका स्वीडिश कारखानदाराचा मुलगा इटली फिरायला गेला आणि पेटारे भरून स्वरलिपी घरी घेऊन आला. हे संगीत काटेकोरपणे बरोक म्हणता येत नाही. ते हलकं, गोड, पुढच्या काळाकडे झुकलेलं आहे. हासे या जर्मन संगीतकाराच्या नावावरचा एक मँडोलिन कॉन्चेर्तोही नेहमी वाजतो, पण तो त्याचाच असल्याची खात्री नाही.

‘पण रेकॉर्डिंगमध्ये तर खणखणीत ऐकू येतं’

येणारच. मायक्रोफोन मँडोलिनच्या तोंडाशी असतो. ध्वनिमुद्रक एक बटण सरकवतो आणि हातभर लांबीचं वाद्य वीस व्हायोलिनांच्या बरोबरीला येतं. यात फसवणूक नाही, पण त्यामुळे संगीतकाराने घेतलेली मेहनत दिसेनाशी होते. सगळंच सारखं ऐकू येत असेल तर व्हायोलिनवाल्यांनी गज खाली का ठेवला, हे कळायचं कसं? प्रत्यक्ष मैफलीत, लहान दालनात, माइकशिवाय ऐकलं तर पहिला अर्धा मिनिट कान शोधत राहतात. मग दालन शांत होतं, लोक खोकायचे थांबतात आणि ते ऐकू यायला लागतं. मोठ्या प्रेक्षागृहात आजचे वादकही माइकचा आधार घेतात. शुद्धतावाद्यांना ते खटकतं. मला खटकत नाही. दीड-दोन हजार खुर्च्यांचं सभागृह विवाल्दीने पाहून लिहिलेलं नाही.

‘बाखचा मँडोलिन कॉन्चेर्तो मी स्वतः ऐकलाय’

ऐकला असेल, पण तो रूपांतरित. इस्रायली मँडोलिनवादक आवी आवितालने बाखचे व्हायोलिन आणि हार्प्सिकॉर्डचे कॉन्चेर्तो मँडोलिनवर बसवून 2012 मध्ये ध्वनिमुद्रित केले. आजचं मँडोलिन व्हायोलिनसारखंच लावलेलं असल्यामुळे बोटांच्या जागा बऱ्याच जुळतात. फक्त जिथे व्हायोलिन लांब स्वर धरतं तिथे मँडोलिनला नखी भराभर मागे-पुढे चालवून तो ‘धरल्यासारखा’ करावा लागतो. याला ट्रेमोलो म्हणतात. हिंदी गाण्यांतलं आपल्या ओळखीचं मँडोलिन बव्हंशी हेच. एकोणिसाव्या शतकात ते या वाद्याची ओळख बनलं. बोटांनी वाजणाऱ्या मांदोलिनोचा भर त्यावर नव्हता.

असंच दुसरं उदाहरण आरव्ही 93. विवाल्दीने बोहेमियातल्या एका काउंटसाठी ल्यूट, दोन व्हायोलिनं आणि खर्ज अशा जोडणीत लिहिलेला हा कॉन्चेर्तो गिटारवर वाजतो, मँडोलिनवर वाजतो, आणि खाली नाव असतं ‘विवाल्दीचा मँडोलिन कॉन्चेर्तो’. मग ही भेसळ का? त्या काळाच्या लेखी नाही. बाखने स्वतः विवाल्दीचा चार व्हायोलिनांचा कॉन्चेर्तो उचलून चार हार्प्सिकॉर्डवर बसवला. मूळ कुठलं आणि रूपांतर कुठलं एवढं माहीत असलं म्हणजे झालं.

वीज आल्यावर

हीच अडचण आपल्याकडेही आली आणि वेगळ्या वाटेने सुटली. मुंबईच्या स्टुडिओंत मँडोलिनला माइक मिळाला आणि ते शंभर वादकांच्या ताफ्यातूनही वर आलं. संगीतकार लक्ष्मीकांत आधी मँडोलिनवादक म्हणूनच या स्टुडिओंत वावरत होते. सज्जाद हुसेन यांनी त्यावर राग वाजवून दाखवले. दक्षिणेत यू. श्रीनिवास (1969–2014) यांनी तर वाद्यच बदललं: जोड्या काढून एकेरी तारा, आणि त्याही विजेवर. कर्नाटक संगीताला स्वर लांब हवा, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरायला हवा. जोडतारांवर तार ओढून तसं करणं जिकिरीचं. वीज आली तेव्हा स्वर टिकला, मृदंगासमोर झाकला जाण्याची भीती गेली, साथीदारांना हात आवरायची गरज उरली नाही. विवाल्दीने साथ कमी केली होती, श्रीनिवासांनी मँडोलिन वाढवलं. दोन्ही उत्तरं खरी. जोडतारांची ती चमचम मात्र दुसऱ्या उत्तरात गेली.

ऐकायचं असेल तर

सुरुवात ‘त्रान्सित एतास’ने करा. पाच-सहा मिनिटांचं गाणं आहे, आणि तातीच्या तारांचं, बोटांनी वाजवलेलं मांदोलिनो असलेलं ध्वनिमुद्रण शोधा. मँडोलिनकडे लक्ष न देता आधी व्हायोलिनं काय करतात ते ऐका. मग 425. त्याचा पहिला भाग 1979 च्या एका गाजलेल्या अमेरिकन चित्रपटात वापरल्यामुळे ओळखीचा वाटेल. पूर्ण रचना आठ-नऊ मिनिटांत संपते. इथे पालुपद कधी संपतं आणि चरण कधी सुरू होतो, तो सांधा पकडायचा. 532 चा संथ भाग हेडफोन लावूनच ऐका. बऱ्याच ध्वनिमुद्रणांत एक मँडोलिन डाव्या कानाला आणि दुसरं उजव्या कानाला ठेवलेलं असतं, त्यामुळे कोण म्हणतंय आणि कोण परत म्हणतंय ते स्वच्छ कळतं. 558 सगळ्यात शेवटी. एवढ्या गर्दीत मँडोलिन पहिल्या खेपेला सापडलं नाही तर वैतागू नका. पिएताच्या त्या दालनात युवराजालाही ते प्रत्येक वेळी सापडलं असेल, असं मला वाटत नाही.